पहिला फोन चौकशीचा : ऑफिसची काउन्सेलिंग सुविधा वापरायची कशी

ऑफिसच्या वॉशरूमच्या दाराला आतून एक पोस्टर चिकटवलेलं असतं. डोकं धरून बसलेला माणूस, खाली हेल्पलाइनचा नंबर, त्याखाली बारीक अक्षरात 'मोफत आणि गोपनीय'. एचआरमध्ये असताना अशी पोस्टर्स मीच लावून घेतली आहेत. दाराच्या आतल्या बाजूला अशासाठी, की कोणी बघत नसताना नंबर मोबाइलमध्ये टिपून घेता येईल अशी ऑफिसात तेवढीच एक जागा. तरी नंबर टिपणारे थोडे आणि फोन करणारे त्याहून थोडे. बहुतेक कंपन्यांत वर्षभरात ही सुविधा वापरणारे शंभरात दहाच्याही आत असतात.

लाज हे कारण आहेच. पण मला दिसलेलं मोठं कारण वेगळं आहे. ही भानगड नक्की काय आहे तेच लोकांना माहीत नसतं. फोन कोण उचलतं, साहेबाला कळतं का, किती वेळा जाता येतं, नंतर पैसे भरावे लागतात का? मन आधीच खचलेलं असताना एवढे प्रश्न डोक्यात घेऊन अनोळखी माणसाला फोन लावणं जड जातं. म्हणून माझं नव्या लोकांना एकच सांगणं असतं. पहिला फोन दुखणं सांगायला करू नका, चौकशीला करा. आणि जमलं तर सगळं ठीक चाललेलं असताना करा.

आधी हे आहे काय

एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम, म्हणजे ईएपी. पैसे कंपनी भरते, काम बहुतेक वेळा बाहेरची एखादी संस्था करते. बोलण्यात तिला 'व्हेंडर' म्हणतात, मीही इथे तसंच म्हणते. काही मोठ्या कंपन्या स्वतःचा काउन्सेलर ऑफिसातच बसवतात. व्हेंडरकडे चोवीस तासांचा फोन असतो, काउन्सेलरांचं पॅनेल असतं, आणि कर्मचाऱ्याला ठरावीक सेशन फुकट मिळतात. साधारण तीन ते आठ. काउन्सेलिंगशिवाय कर्ज-हप्त्यांबद्दल सल्ला, वकिलाशी एखादं छोटं बोलणं, आजारी आईवडिलांसाठी किंवा मुलांसाठी सोय शोधून देणं अशी कामंही बऱ्याच योजनांत असतात. बहुतेक वेळा जोडीदार आणि मुलंही यात येतात. लोक नेमकं हेच विसरतात.

याचा उगम अमेरिकेतल्या कारखान्यांत आहे, आणि तो दारूशी जोडलेला आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये सुरू झाली. पुढे १९४०च्या दशकात ड्यूपाँ आणि ईस्टमन कोडॅक यांसारख्या कंपन्यांनी पिणाऱ्या कामगाराला काढून टाकण्याऐवजी सावरायचे कार्यक्रम सुरू केले. १९७० साली तिथे दारूच्या व्यसनावरच्या उपचारांसाठी ह्यूज कायदा झाला आणि त्याने या कामाला जोर दिला. व्यसनासाठी मदत मागायला येणाऱ्याच्या घरात भांडण, कर्ज, आजारपणही असतं हे दिसत गेलं, तसं कार्यक्रमाचं तोंड रुंदावलं. या क्षेत्रातल्या लोकांची संघटना १९७१ मध्ये निघाली तेव्हा तिच्या नावात अल्कोहोलिझम हा शब्द होता. १९८९ मध्ये नाव बदललं आणि तो शब्द गेला.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. त्या जुन्या काळातला एक नियम आजही कामाचा आहे : वरिष्ठाने कर्मचाऱ्याला काय झालंय याचं निदान करायचं नाही, फक्त कामात काय दिसतंय ते बोलायचं. त्याकडे पुढे येते.

पायरी एक : कागद शोधा

नोकरीला लागताना दिलेल्या फोल्डरमध्ये, इन्ट्रानेटवर किंवा विम्याच्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर ही सुविधा सापडते. सापडलीच नाही तर एचआरला मेल करून 'सगळ्या बेनिफिट्सची यादी पाठवा' एवढंच मागा. ईएपीचं नाव घ्यायची गरज नाही. यादीत ती येतेच.

वाचताना एका वाक्यावर थांबा : सेशन 'दर वर्षी' आहेत की 'दर विषयामागे'? 'वर्षाला सहा' म्हणजे सहा संपले की पुढच्या वर्षापर्यंत दार बंद. 'विषयामागे सहा' असेल तर वडील गेल्यानंतरचे सहा वेगळे आणि चार महिन्यांनी झोप उडाली त्याचे सहा वेगळे धरले जाऊ शकतात. माहितीपत्रकात बहुतेक वेळा नुसतं 'सहा मोफत सेशन' छापतात. फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

ईएपी आणि आरोग्य विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही इथेच समजून घ्या. ईएपीतला काउन्सेलर औषध लिहून देत नाही. औषधाची गरज वाटली तर तो सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवतो, आणि तो खर्च विम्यातून किंवा खिशातून होतो. तेव्हा मानसोपचार विम्यात येतात का, किती येतात, हे त्याच बैठकीत बघून ठेवा.

पायरी दोन : चौकशीचा फोन

फोन स्वतःच्या मोबाइलवरून करा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल, ऑफिसचं वायफाय यातलं काही वापरू नका. व्हेंडर चोरून ऐकतो म्हणून नव्हे. ऑफिसच्या यंत्रावर काय उघडलं याची नोंद आयटीकडे राहू शकते, आणि मेलच्या विषयात 'तुमची अपॉइंटमेंट निश्चित झाली' असं आलं की शेजारून जाणाऱ्यालाही दिसतं. पोर्टलवर खातं काढायचं असेल तर खाजगी मेलवर काढा. ऑफिसच्या कॅलेंडरवर वेळ अडवायची तर 'वैयक्तिक काम' एवढं लिहून ती नोंद खाजगी ठेवा.

मी नव्यांना हा फोन साधारण असा करायला सांगते :

"नमस्कार. मी अमुक कंपनीत काम करते. नाव आत्ता सांगत नाही, आधी सुविधेबद्दल विचारायचंय."

"हो मॅडम, विचारा ना."

"सेशन विषयामागे मोजता की वर्षाला?"

"विषयामागे, मॅडम."

"बरं. माझ्या कंपनीला तुम्ही काय काय कळवता?"

"फक्त आकडे जातात. नाव जात नाही."

"आकडे कशाकशाचे? विभाग, वय, शाखा असं वेगळं काढून देता का? आणि आमच्या शाखेत अकराच जण असतील तर?"

इथे पलीकडचा माणूस थोडा थांबला तरी बिचकू नका. ज्याला उत्तर माहीत नाही तो 'विचारून सांगतो' म्हणतो, आणि ते चांगलं लक्षण आहे. 'काळजी करू नका, सगळं गोपनीय असतं' एवढंच तीनदा ऐकू आलं तर लेखी धोरण मागा.

आणखी काही विचारून घ्या. कॉल रेकॉर्ड होतो का, आणि नको म्हटलं तर चालतं का. काउन्सेलर प्रत्यक्ष भेटतो की फक्त व्हिडिओवर. आपल्या भाषेत बोलणारा मिळतो का. मनातलं बोलायचं तर हा मुद्दा लहान नाही. पहिली वेळ किती दिवसांनी मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचं, मोफत सेशन संपल्यावर त्याच काउन्सेलरकडे पुढे जाता येतं का. काही व्हेंडर पॅनेलवरच्या माणसाला ईएपीचे लोक स्वतःच्या खाजगी प्रॅक्टिसमध्ये घ्यायला मनाई करतात. हे आधी कळलेलं बरं. सहाव्या सेशनला, जीव जडल्यावर, कळलं की फार लागतं.

पाच-सात मिनिटांत फोन संपतो. नंतर कधी खरीच वेळ आली तर नंबर ओळखीचा असतो, आवाज ओळखीचा असतो. तेवढ्याने निम्मी भीती जाते.

गोपनीयता : कुठपर्यंत, आणि कुठे गळते

याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी बसले आहे.

व्हेंडर दर तीन महिन्यांनी कंपनीला अहवाल देतो. किती जणांनी संपर्क केला, कोणत्या विषयासाठी, फोनवर की प्रत्यक्ष. नाव नसतं. एका तिमाहीत माझ्यासमोर आलेल्या तक्त्यात मात्र शाखेनुसार ओळी पाडल्या होत्या, आणि एका लहान शाखेपुढे लिहिलं होतं : महिला, वयोगट ३० ते ३५, विषय वैवाहिक, संख्या १. त्या शाखेत बायकाच दोन होत्या, आणि त्यातल्या एकीचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं. खोलीत आम्ही चौघे होतो. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. कोणाचा हेतू वाईट नव्हता. तक्ता भरणाऱ्याने सगळे रकाने इमाने-इतबारे भरले होते, इतकंच. पुढच्या अहवालापासून दहापेक्षा लहान गट एकत्र मिळवून दाखवायचे असं आम्ही व्हेंडरकडून लिहून घेतलं. तरी ती ओळ मी वाचली होती, ती न वाचलेली करता येत नाही.

म्हणून तो अकरा जणांचा प्रश्न. तुमची शाखा लहान असेल तर तो नक्की विचारा.

एका माणसाबद्दलची गोपनीयता मात्र सहसा घट्ट असते. काउन्सेलरच्या व्यवसायाचे नियम त्याला बांधतात. अपवाद मोजके, आणि पहिल्या सेशनच्या सुरुवातीलाच ते सांगणं काउन्सेलरचं कर्तव्य आहे : तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलाचा छळ, कोर्टाचा आदेश, आणि तुमची लेखी संमती. प्रत्येक देशाचा कायदा यात थोडं कमी-जास्त करतो. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी काय, कोणाला आणि कधीपर्यंत कळवायचं हे त्यावर लिहिलेलं आहे का ते बघा. रकाने रिकामे असतील तर सही करू नका.

सध्या ईएपीबरोबर एखादं अ‍ॅपही येतं. मूड नोंदवा, डायरी लिहा, चॅटबॉटशी बोला. काउन्सेलरला लागू असलेले नियम अ‍ॅपला तसेच लागू होतात असं गृहीत धरू नका. त्याची प्रायव्हसी पॉलिसी वेगळी असते. श्वासाचे व्यायाम करायला अ‍ॅप ठीक आहे. नवऱ्याबद्दल किंवा साहेबाबद्दल मनातलं लिहायला मी साधी वही वापरीन.

पायरी तीन : नाव-नोंदणी आणि पहिले प्रश्न

ठरलं की परत फोन. आता नाव, कंपनी, संपर्काची वेळ सांगावी लागते. 'या नंबरवर व्हॉइस मेसेज ठेवला तर चालेल का?' असं विचारतात, त्याचं उत्तर विचार करून द्या. मग विषय. इथे लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. 'जरा झोपेचा प्रॉब्लेम आहे' म्हणतात आणि खरी गोष्ट व्यसनाची किंवा घरातल्या मारहाणीची असते. मग काउन्सेलरही झोपेचा जाणकार मिळतो, आणि दोन सेशन खऱ्या गोष्टीपर्यंत यायलाच जातात. तपशील फोनवर सांगू नका, पण विषयाचं नाव खरं सांगा.

जिवाला धोका आहे का, हा प्रश्न प्रत्येकालाच विचारतात. तो तुमच्या आवाजावरून काढलेला निष्कर्ष नसतो, त्यांची ठरलेली पद्धत असते. खरं उत्तर द्या.

बऱ्याच ठिकाणी दोन छोट्या प्रश्नावल्या भरून घेतात. पीएचक्यू-९ उदासीसाठी, नऊ प्रश्नांची. जीएडी-७ चिंतेसाठी, सात प्रश्नांची. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. पहिलीची बेरीज जास्तीत जास्त २७ होते, दुसरीची २१. आकडा दहा किंवा त्याहून जास्त आला की पुढे नीट तपासायला हवं असं साधारण मानतात. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय दुसऱ्या कशावरही खूण केलीत तर काउन्सेलर त्यावर थांबून बोलेल, बोलायलाच हवं. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. पण स्वतःच्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा. चार सेशननंतर तीच प्रश्नावली परत भरलीत की सुधारतंय का ते दोन आकड्यांत दिसतं.

पायरी चार : पहिलं सेशन

सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं. मोजकेच हाती असल्यामुळे काउन्सेलर बालपणापासून सुरुवात करत नाही. ही काउन्सेलिंग आखूड मापाची असते. एका गोष्टीला धरायचं आणि तिच्यावर काम करायचं. कित्येकांना हे पटत नाही, आपलं कोणी नीट ऐकूनच घेतलं नाही असं वाटतं. माझं मत असं, की ऑफिसातला ताण, ताजं दुःख, एखादा अडलेला निर्णय, नवरा-बायकोत नुकतीच सुरू झालेली धुसफूस यांना हे माप बरोबर बसतं. वर्षानुवर्षांच्या जखमेला ते तोकडं पडतं. आणि चांगला काउन्सेलर पहिल्या-दुसऱ्या सेशनलाच ते स्वतःहून सांगतो.

एक प्रश्न बहुतेकांना विचारला जातो. मलाही विचारला गेला होता, एका वाईट वर्षी, जेव्हा मी स्वतःच तो पोस्टरवरचा नंबर लावला.

"शून्य म्हणजे सगळं संपलं, दहा म्हणजे जसं हवं तसं. आज तुम्ही कुठे आहात?"

मी म्हटलं, तीन.

मला वाटलं, आता विचारतील तीनच का. काउन्सेलर बाईंनी विचारलं, "दोन का नाही?"

मी गप्प झाले. मग सुचलं, की सकाळी उठून मुलाचं दप्तर तरी मी भरते. एक मैत्रीण आहे, तिचा फोन मी उचलते. हे सांगताना पहिल्यांदाच जाणवलं की हेही काहीतरी आहे. पुढचा प्रश्न होता, "तीनाचे चार झाले तर घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येईल, आणि कशावरून?" दहापर्यंत कसं जायचं हे त्यांनी विचारलंच नाही. ही पद्धत स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी अमेरिकेत मिलवॉकीला वाढवलेली. थोड्या सेशनच्या काउन्सेलिंगमध्ये ती खूप वापरतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं होतं की बाईंना घाई नाही.

जाताना कागदावर तीन ओळी लिहून न्या. काय होतंय, कधीपासून, आणि सहा सेशननंतर काय वेगळं झालेलं हवंय. तिसरी ओळ सुचत नसेल तर तेच सांगा, तिथून सुरुवात होते. व्हिडिओवर असाल तर हेडफोन लावा आणि दार बंद होणारी खोली शोधा. ऑफिसच्या मीटिंग रूममधून मात्र नको. काचेपलीकडून डोळे पुसताना दिसलेला माणूस आठवडाभर चर्चेचा विषय होतो.

काउन्सेलर पटला नाही तर

बदलून मागा. व्हेंडरला फोन करून 'मला दुसरं कोणी हवंय' एवढं पुरतं, कारण द्यायची सक्ती नाही. फक्त झालेलं सेशन मोजलं जाणार का ते विचारा. काही जण पहिलं सोडून देतात. अवघडल्यासारखं वाटणं आणि न पटणं यांत फरक आहे. पहिल्या भेटीत अवघडल्यासारखं सगळ्यांनाच वाटतं. पण काउन्सेलर तुम्हाला उपदेश करत असेल, घड्याळ बघत असेल, तुमच्या जातीधर्माबद्दल, लग्नाबद्दल, लैंगिकतेबद्दल शेरे मारत असेल, तर दुसऱ्या भेटीची वाट बघू नका, आणि तक्रारही नोंदवा.

सेशन संपत आले की

शेवटच्या सेशनच्या आधीच्या सेशनला 'पुढे काय' हा विषय तुम्हीच काढा. शेवटच्याच दिवशी काढलात तर निरोपातच वेळ जातो. पुरे झालं असेल तर छानच, बरेच जण सगळी सेशन वापरतही नाहीत. पुढे लागणार असेल तर विम्यात बसणाऱ्या दोन-तीन नावांची यादी मागा, आणि ती नावं सध्या नवे लोक घेतात का हे व्हेंडरलाच तपासायला सांगा. हे त्यांचंच काम आहे. नुसती यादी हातात देऊन मोकळे होणारे व्हेंडर मी पुष्कळ बघितले. यादीतले निम्मे फोन लागतच नाहीत.

यामागे पैशाचं एक गणित आहे, ते कर्मचाऱ्याला कोणी सांगत नाही. बऱ्याच करारांत व्हेंडरला कर्मचाऱ्यामागे महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, कोणी फोन करो वा न करो. म्हणजे वापर कमी तर त्याचा खर्च कमी. दुसऱ्या प्रकारात जेवढी सेशन तेवढे पैसे. आणि विम्याबरोबर 'फ्री' म्हणून येणारी ईएपी असते, तिच्यात बहुधा फोनवरच्या बोलण्यापलीकडे फार काही नसतं. तुम्ही कर्मचारी प्रतिनिधी असाल, कमिटीवर असाल, तर करार कोणत्या प्रकारचा आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पोस्टरवरच्या खर्चापेक्षा तो प्रश्न जास्त काम करतो.

ईएपीकडून काय होत नाही

ईएपीला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही. गोपनीयतेचीच ही दुसरी बाजू आहे, आणि तिच्यावर अडखळून पडलेले लोक मी पाहिले आहेत. वरिष्ठ त्रास देतो, लैंगिक छळ होतोय, हे काउन्सेलरला सहा वेळा सांगितलं तरी कंपनीच्या दफ्तरी तक्रार शून्य. तक्रारीची मुदत असते, ती उलटून जाते. काउन्सेलर धीर देईल, तक्रार कशी मांडायची याचा विचार करायला मदत करील. पण तक्रार तिच्यासाठी नेमलेल्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे तुम्हालाच लेखी द्यावी लागते. आजारपणाची रजा, कामाचे तास बदलून घेणं यांचंही तसंच. त्याला डॉक्टरचा कागद लागतो, आणि बऱ्याच ईएपी असे दाखले देत नाहीत. मोफत कायदेशीर सल्लाही सहसा घराच्या, वारशाच्या, घटस्फोटाच्या बाबतीत मिळतो. स्वतःच्या कंपनीविरुद्धच्या वादात मिळत नाही.

शिवाय काही ताण काउन्सेलिंगने जाण्यासारखे नसतातच. दोघांचं काम एकजण करत असेल तर श्वासाचे व्यायाम करून ते एकाचं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित घटना म्हणून आहे. नीट न हाताळलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून ती होते असं तिथे म्हटलंय. त्याच संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही व्यक्तीला आधार देण्याबरोबर कामाची रचना बदलायला सांगितलंय. मी एचआरमध्ये असताना हे बोलायची सोय नव्हती. आता बोलते : टीममध्ये माणसं वाढवायच्या ऐवजी कोणी ईएपीचं पोस्टर दाखवत असेल, तर नंबर जरूर टिपून घ्या आणि माणसंही मागत राहा.

साहेबानेच जायला सांगितलं तर

याचे दोन प्रकार आहेत. 'ही सुविधा आहे, बघ हवी तर' हे झालं सुचवणं. गेलात की नाही हे त्याला कळत नाही, आणि त्याने विचारूही नये. दुसरा प्रकार औपचारिक. कामातल्या चुका, गैरहजेरी किंवा कामावर पिऊन येणं यांमुळे लेखी पत्र देऊन पाठवतात. यात तुमच्याकडून संमतीपत्र घेतात आणि कंपनीला बहुधा एवढंच कळवतात की माणूस आला का आणि सांगितलेलं पाळतोय का. काय बोलला, ते नाही. सही करण्याआधी कळवायच्या गोष्टी तेवढ्याच आहेत ना ते ओळ न ओळ वाचा. आणि 'तुम्ही कामाला योग्य आहात का' हे ठरवणारी वैद्यकीय तपासणी ही तिसरीच गोष्ट आहे. ती कंपनीसाठी केलेली असते, तिचा निष्कर्ष कंपनीकडे जातो. तिथे काउन्सेलरशी बोलल्यासारखं मोकळं बोलायचं नसतं. पत्रात कोणता शब्द आहे ते बघा.

तुम्ही स्वतः टीम सांभाळत असाल तर तो जुना कारखान्यातला नियम आठवा. 'तू डिप्रेस्ड दिसतोस' असं म्हणू नका. 'गेल्या महिन्यात तीन रिपोर्ट उशिरा आले, असं तुझं आधी कधी झालं नव्हतं. काही मदत हवी का? हा नंबर आहे, तू फोन केलास तर मला कळणार नाही' एवढं पुरे. मॅनेजरनेही व्हेंडरला फोन करून 'हे बोलू कसं' असं विचारायची सोय असते. तिचा वापर जवळजवळ कोणी करत नाही.

जीव नकोसा झाला असेल तर

वरच्या सगळ्या पायऱ्या सोडा. अपॉइंटमेंटची वाट बघू नका. तुमच्या भागातला आपत्कालीन नंबर किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन लावा, जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा, आणि तोवर एकटे राहू नका. शेजारचा सहकारी असं काही बोलला तर त्याला ईएपीचं पत्रक हातात देऊन घरी पाठवू नका. त्याच्याबरोबर थांबा, आणि मदतीचा फोन लागेपर्यंत जागचे हलू नका.

नोकरी सोडताना

नोटीस पिरियडमध्ये सेशन चालू असेल तर काउन्सेलरला लगेच सांगा. काही योजना शेवटच्या दिवसानंतरही थोडे दिवस चालू राहतात, काही त्याच संध्याकाळी बंद होतात. कपातीत नोकरी गेली असेल तर हे हमखास विचारा, कारण सवलत वाढवून दिलेली असली तरी ती पत्रात ठळक लिहिलेली नसते. पोर्टलवरची तुमची कागदपत्रं उतरवून घ्या, अ‍ॅपमधलं खातं पुसून टाका. खातं ऑफिसच्या मेलवर काढलं असेल तर हे शेवटच्या दिवसाच्या आधी करा. मेल बंद झाला की पासवर्ड बदलायची लिंकही तिथेच जाते.